शेतीचा दर्जा मिळाला, शेतीतली चूक नको

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा, सौरऊर्जा यांतल्या ज्या सवलती शेतकऱ्याला मिळतात, त्या आता मच्छीमारालाही मागता येतील. मराठवाड्यातल्या वसमतसारख्या गावात समुद्र नकाशातच दिसतो आणि सुरमई बर्फाच्या पेटीतून येते, त्यामुळे ही कोकणातली बातमी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण शेतीचा दर्जा मिळाला की पदरात नेमके काय पडते, हे मराठवाड्याइतके कुणाला ठाऊक असणार? सवलत बहुतेक वेळा महाग वस्तूच्या खरेदीवर मिळते. खरेदी कर्जाने होते, कर्ज फेडायला उत्पादन वाढवावे लागते आणि सगळ्यांनीच ते वाढवले की भाव पडतो. पंचवीस एकरांना पुरेल असा ट्रॅक्टर पाच एकरवाल्याच्या दारात उभा करणारी ही रीत आहे. समुद्रात तर बांधही नाही. एकाने जास्त ओढले की ते दुसऱ्याच्या वाट्यातून जाते. म्हणून कृषी दर्जाचा पैसा कोकणात पोहोचण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मदतीची सुरुवात सर्वांत मोठ्या बोटीपासून करायची की सर्वांत स्वस्त अवजारापासून? माझे मत दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्यासाठी उदाहरण घ्यायचे तर ते बोटीमागे ओढायच्या साध्या गळदोरीचे.

चालत्या बोटीमागे गळ ओढत न्यायचा, या पद्धतीला जगभर ट्रोलिंग म्हणतात. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरशी तिचा संबंध नाही. साहित्य मोजून सांगता येईल इतके थोडे आहे. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चकरीवर गुंडाळलेला साठ-सत्तर मीटर जाड तंगूस, त्याला पीळ पडू नये म्हणून एक फिरती कडी, थोडे शिसे, पुढे हातभर पोलादी तार आणि तारेला गळ. तार लागतेच, कारण सुरमईचे दात नुसता तंगूस एका झटक्यात कापतात. आमिष म्हणून पिसांचा झुबका, चकाकत्या पत्र्याचा चमचा, रबरी माकूल किंवा बांगड्याच्या पोटाची लांबट पट्टी चालते. दोरी थेट बोटीला बांधली तर मोठा मासा लागताच एक तर तंगूस तुटतो, नाही तर माशाचा जबडा फाटतो. त्यावर उपाय सायकलच्या जुन्या ट्यूबचा: ट्यूबचा तुकडा मध्ये बांधायचा आणि त्याच्या बाजूने दोरीचा सैल फेर ठेवायचा. पहिला झटका ट्यूब सोसते, ती पुरती ताणली की भार दोरी घेते, आणि ताणलेली ट्यूब पाहूनच मासा लागल्याचे कळते. दोन्ही बाजूंना बांबू बाहेर काढून एकेक दोरी आणि मधोमध वेगळ्या लांबीची तिसरी सोडली की वळण घेताना गुंता होत नाही. वेग ताशी चार ते सहा सागरी मैल पुरतो. कापलेल्या माशाचे आमिष असेल तर तो आणखी कमी ठेवावा लागतो, नाही तर आमिष स्वतःभोवती गरगरते आणि मासा त्याच्याकडे फिरकत नाही. महागडी काठी आणि रीळ हवीच असे नाही. काटकसर करू नये अशा जागा दोनच, कडी आणि गळ. कडी गंजून अडकली तर सगळा तंगूस पिळवटतो आणि गळ बोथट असेल तर दिवसभराचे इंधन वाया जाते.

आता या साहित्याची तुलना सरकारी मदतीच्या आकड्यांशी करू. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. तीत खोल समुद्रात जाणाऱ्या एका बोटीचा खर्च १ कोटी २० लाख रुपये धरला आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान, असे योजनेचे सूत्र. म्हणजे सर्वसाधारण गटातल्या लाभार्थ्याला ४८ लाख मिळाले तरी ७२ लाख त्याने उभे करायचे. ज्याला ७२ लाख उभे करता येतात तो गरीब मच्छीमार नव्हे, आणि गरीब मच्छीमाराने ते उभे केलेच तर ते कर्जातून येणार. दुसरीकडे तीन दोऱ्या, सुटे गळ, आमिषे आणि बर्फाची पेटी असा संच पंधरा हजारांचा धरू. शंभर टक्के अनुदान दिले तरी त्याच ४८ लाखांत ३२० होड्यांना संच मिळतील आणि एकालाही हप्ता भरावा लागणार नाही. राज्याकडून मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावाही असाच बेतलेला आहे. इंधन जितके जास्त जाळाल तितका परतावा मोठा. छोट्या होडीला, शिडाच्या होडीला त्यात फारसे काही नाही. मदत वापरलेल्या वस्तूच्या प्रमाणात द्यायची आणि मोठ्याला आपोआप मोठा वाटा मिळवून द्यायचा, हा प्रकार शेतीत खत आणि विजेच्या बाबतीत आपण पुरेसा पाहिला आहे.

स्वस्ताई एवढाच गळाचा गुण असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. खरा गुण निवडीचा आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मोजणीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेमतेम २ लाख टन मासळी उतरली. तो ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षी चक्रीवादळांनी बोटींचे अनेक दिवस खाल्ले हे खरे, पण लहान मासळीची बेसुमार पकड हे दुखणे वादळाआधीचे आहे. राज्याने त्यावर इलाज शोधला नाही असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले: पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा ११०, सुरमई ३७०. नियम योग्य आहे, पण त्याची अंमलबजावणी धक्क्यावर होते आणि धक्क्यावर मोजपट्टी लावली जाते तोवर मासा मेलेला असतो. दंड झाला तरी ते पिल्लू पुन्हा पोहत नाही. गळाच्या बाबतीत बरीचशी निवड पाण्यातच होते. मोठा गळ लहान तोंडात मावत नाही, आणि पापलेट, मांदेली, कोळंबी यांची पिल्ले बोटीमागच्या चमच्यावर येतच नाहीत. गळ अगदी निर्दोष आहे असा दावा नाही. कोवळा कुपाही कधी मोठ्या आमिषावर झेपावतो, आणि सुरमई इतकी नाजूक की सोडली तरी जगेलच याची खात्री नसते. तुटलेल्या तंगुसाचा कचराही समुद्रातच राहतो. पण वाहून गेलेले जाळे कित्येक महिने मासे मारत राहते. त्या हानीपुढे तुटलेल्या एका दोरीचे नुकसान फारच थोडे.

निवडीला भावाची जोड मिळाली तरच ती टिकेल, आणि इथे वसमतचा अनुभव कामाचा आहे. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने हळद पिवळी झाली नाही, ती आधीपासून होती तशीच आहे. फरक पडतो तो माल वेगळा ओळखता येण्याने. ढिगात मिसळलेल्या चांगल्या मालाला ढिगाचाच भाव मिळतो, हे मोंढ्यात हळद घेऊन जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. सुरमईचेही तेच. जाळ्यात अडकून तासन्‌तास गुदमरलेला, वरच्या मालाखाली दबलेला मासा आणि गळाला लागताच वर घेऊन, रक्त काढून बर्फात ठेवलेला मासा यांत चवीचा आणि टिकण्याचा फरक असतो. तो आरोग्याचाही आहे. कुपा, सुरमई, बांगडा यांच्या मांसात उष्णतेने हिस्टामिन तयार होते, आणि एकदा ते झाले की कितीही शिजवले तरी जात नाही. म्हणून पहिल्या तासाचा बर्फ महत्त्वाचा, आणि किनाऱ्यापासून सहाशे किलोमीटरच्या आत-बाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाईकाला तर दुप्पट महत्त्वाचा. पण लिलावात दोन्ही मासे एकाच ढिगात गेले तर जास्त कष्ट घेणाऱ्याला हातात काय पडणार? मालदीवने टूना गळानेच धरण्याची परंपरा जपली, २०१२ मध्ये तिथल्या काठी-दोरीच्या टूनाला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, आणि ‘गळाने धरलेला’ ही त्या मालाची ओळख परदेशी बाजारात चालू लागली. आपल्याकडे ती ओळख निर्माण करायला धक्क्यावर वेगळा लिलाव, वेगळी पेटी आणि पेटीवर एक चिठ्ठी एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एकेक मासा ओढून राज्याची गरज भागणार का? नाही भागणार, आणि तसे कुणी म्हणतही नाही. बोंबील, मांदेली, कोळंबी, जवळा हे गळाचे मासे नव्हेत. त्यांना डोल आणि वावरी ही जाळी लागणारच. गोरगरिबांच्या ताटातली मासळी हीच आहे, सुरमई नव्हे, हेही मान्य. मुद्दा जाळी जाळून टाकण्याचा नाही. ज्या होडीचे पोट एकाच जाळ्यावर आहे तिला दुसरा आधार देण्याचा आहे. जाळ्यात एखाद्या हंगामात काही सापडले नाही तर तो मच्छीमार काय करतो? अधिक बारीक आसाचे जाळे घेतो, अधिक दूर जातो, किंवा मोठ्या बोटीवर मजुरीला लागतो. पावसाळा सरल्यानंतर सुरमई, कुपा, गेदर किनाऱ्याजवळ फिरू लागतात, तेव्हा त्याच होडीला तीन दोऱ्या लावल्या तर चार-सहा चांगले मासेही दिवसाचा खर्च सोडवू शकतात. कोरडवाहू शेतात एकाच पिकावर हवाला ठेवू नये, हे शहाणपण मराठवाड्याने दुष्काळातून शिकले. समुद्राला ते वेगळे लागू होते असे मानायला आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोटीमागे गळ ओढायचा म्हणजे बोट सतत चालू ठेवायची. किलोमागे इंधन पाहिले तर ही पद्धत खर्चिक ठरते. हे खरे आहे, आणि त्यामुळेच केवळ गळ ओढण्यासाठी नव्या बोटी घ्यायला अनुदान देऊ नये. पण जाळे टाकायला आणि काढायला होडी जाते-येतेच. ते इंधन जळणारच आहे. जाता-येता मागे दोऱ्या सोडल्या तर वाढीव खर्च वेग थोडा कमी ठेवण्याचा आणि एका माणसाने मागे लक्ष ठेवण्याचा. थवा सापडला की इंजिन बंद करून हातदोरीने मासा काढता येतो, म्हणजे तेवढा वेळ इंधन शून्य. हिशेब बोटीचा नव्हे, फेरीचा मांडला की हा आक्षेप बराच सौम्य होतो. नुसत्या हौसेखातर दिवसभर समुद्र पालथा घालणाऱ्याला मात्र तो पुरेपूर लागू आहे. त्या छंदाला सरकारी तिजोरीतून पैसा देण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न चतुर आहे: साहित्य इतके स्वस्त आणि फायद्याचे असेल तर मच्छीमार ते आपणहून का घेत नाहीत? काही घेतात, कोकणात गरवणे, म्हणजे गळाने मासे धरणे, ही काही नवी गोष्ट नाही. पण बाकीच्यांना अडवणारी गोष्ट गळाची किंमत नव्हे, गळाभोवतीची व्यवस्था आहे. बर्फ वेळेवर नाही, वेगळा भाव नाही, आणि ज्या थव्यावर गळ चालायचा तो आदल्या रात्री थव्याला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्याने उचललेला असतो. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनच्या नव्या परवान्यांवर आणि हंगामावर मर्यादा घातल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेले. कायद्याची वाण नाही, अंमलबजावणीची आहे. दिव्यांनी थवा गोळा करून तो एका फेऱ्यात बोटीत घ्यायचा आणि सकाळी त्याच पाण्यात दुसऱ्याने तीन दोऱ्या ओढायच्या, या स्पर्धेत दोरीवाला कितीही कुशल असला तरी हरणार. त्यामुळे संचाचे अनुदान आणि एलईडीवरची कारवाई या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. पहिली मान्य करून दुसरीकडे काणाडोळा केला तर संच माळ्यावर धूळ खाईल आणि वर ‘योजना चालली नाही’ असा शेरा पडेल. शेतीतल्या किती योजनांवर तो पडला, हे आठवून पाहावे.

कौशल्याचा प्रश्न उरतो. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर परिसरातले मच्छीमार गळाच्या बळावर खोल समुद्रात दूरवर जातात, त्यांची ती ख्याती आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉयमध्ये काठी-दोरीने टूना धरण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटींनी देवगड बंदरात आसरा घेतला, तेव्हा दक्षिणेकडचे लोक आपल्या किनाऱ्यासमोर किती दूर येऊन मासेमारी करतात याची साऱ्या महाराष्ट्राला कल्पना आली. ही माणसे शिकवू शकतात आणि आपल्याकडे शिकण्याच्या जागाही आहेत. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि मासेमारीच्या साधनांवर कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था १९५७ पासून काम करते आहे. कोणत्या माशाला कोणत्या मापाचा गळ, बर्फ किती, रक्त कसे काढायचे, कासव अडकले तर तार कशी कापायची, हे आठवड्याभराच्या प्रशिक्षणात शिकवता येईल. सुरक्षेची चिंताही रास्त आहे. छोटी होडी थव्यामागे वाहवत जाऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख बोटींना संदेशयंत्रे देण्याची केंद्राची योजना सुरू झाली. जीवरक्षक जाकीट आणि असे यंत्र संचाचाच भाग धरले तर ही चिंता बरीच मिटते.

आणि हे सगळे कोकणापुरतेच का ठेवायचे? वसमतच्या शिवाराला कालव्याने पाणी देणारे औंढा नागनाथ तालुक्यातले सिद्धेश्वर आणि त्याच पूर्णा नदीवर वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यातले येलदरी, या दोन जलाशयांवर मासेमारी करणाऱ्यांचा प्रश्न याच जातकुळीचा आहे. तिथेही मोठ्या रकमेच्या पिंजऱ्यांच्या प्रकल्पांची भाषा आकर्षक वाटते, आणि ज्याच्याकडे एक तराफा आणि दोन जाळी आहेत त्याच्यासाठी योजनेत रकाना सापडत नाही. कटला, रोहू, मृगळ जाळ्याने निघतात. मरळ आणि वाम मात्र गळाला चांगले लागतात आणि बाजारात मरळीला मोलही चांगले येते. समुद्रातली पोलादी तार आणि रबरी माकूल इथे आणून चालणार नाही, इथला गळ लहान, दोरी बारीक आणि आमिष जिवंत. पण सूत्र एकच: ज्याला कर्ज लागत नाही, जे बीज खात नाही आणि जे मोठा मासा ताजा हाती देते, ते साधन आधी.

म्हणून मागणी नेमकी ठेवू. मत्स्यव्यवसायाच्या योजनांत ‘गळदोरी संच’ असा वेगळा घटक करावा, त्याला पूर्ण अनुदान द्यावे आणि तो सहकारी संस्थांमार्फत छोट्या होडीवाल्यांनाच मिळावा. कराच्या परताव्याला प्रत्येक बोटीमागे वरची मर्यादा घालून वाचलेला पैसा धक्क्यावरच्या बर्फावर खर्च करावा. एक-दोन बंदरांत गळाच्या मासळीचा वेगळा लिलाव वर्षभर चालवून भावातला फरक जाहीर करावा. फरक पडला नाही तर घटक बंद करावा. त्यात बुडेल ती रक्कम एका मोठ्या बोटीच्या अनुदानाइतकीही नसेल. चूक निघाली तर स्वस्तात निघावी आणि बरोबर ठरले तर हजारोंपर्यंत पोहोचावे, सार्वजनिक पैशासाठी याहून चांगली कसोटी सांगता येणार नाही. मच्छीमाराला शेतकऱ्याच्या रांगेत उभे केलेच आहे, तर त्याला शेतकऱ्याच्या सवलती जरूर मिळाव्यात. शेतकऱ्याचे कर्ज मात्र त्याच्या गळ्यात बांधू नये.